ऑक्सिजन कमी पडला तर

मटिल्डा तुस्कानो इंटर सायन्सला रसायनशास्त्रात नापास झाली, तेव्हा तिची आई मार्था एवढंच म्हणाली, "जाऊ दे. वाडीत काम काय कमी हाय?"

विरारजवळच्या बोळिंजपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, कडेने थोडा मोगरा. वडील लवकर गेले होते. थोरला कॉन्रॅड वाडी सांभाळायचा, धाकटा फेबियन त्याच्या हाताखाली. मधली मटिल्डा तेवढी शिकायला मुंबईला गेली होती आणि तिथे इंग्रजीतून चालणाऱ्या तासांना पहिल्या महिन्यातच गांगरून गेली होती. समीकरणं तर तिला कधी कळलीच नाहीत. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे, पाण्यात, एकच. तिने परीक्षेत पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनला खाली दोनचा आकडा जोडून टाकला. दोन्ही बाजू जुळल्या म्हणून खुशीत पेपर देऊन आली. आपण लिहिलेला पदार्थ पाणी नव्हताच, हे तिला कोणी सांगितलं नाही. नुसते गुण कळले.

मग तिने डी.एड. केलं आणि गावच्या मराठी शाळेत लहान वर्गांना शिकवू लागली. मुलं तिला 'टीचर' म्हणत. ती सुखात होती.

पंचाहत्तर साली दहावीचा नवा अभ्यासक्रम आला. विज्ञान आता सगळ्यांनाच सक्तीचं. त्यातच विज्ञानाचे सर बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि निघून गेले. मुख्याध्यापक फादरांनी मटिल्डाला बोलावून घेतलं.

"टीचर, नववीचं विज्ञान तुम्ही घ्या."

"फादर, मी त्यातच नापास झालेय."

"मग दुसरं कोण आहे, तुम्हीच सांगा."

दुसरं कोणीच नव्हतं. ती सगळी मे महिन्याची सुट्टी मटिल्डा ओटीवर पुस्तक उघडून बसली. सुरुवातीला रडूच यायचं. आकडे डोळ्यांसमोर नाचायचे. शेवटी कंटाळून तिने स्वयंपाकघरातून वाल आणि चिंचोके आणले. वाल म्हणजे कार्बन, चिंचोका म्हणजे ऑक्सिजन. ऑक्सिजन हवेत जोडीने असतो, म्हणून दोन दोन चिंचोके तिने खळीने एकमेकांना चिकटवले. हायड्रोजनला मिरीचे दाणे. आणि असं मांडता मांडता एका दुपारी तिला आपली जुनी चूक दिसली. पदार्थाच्या सूत्राला हात लावायचा नाही. पाणी हे पाणीच राहिलं पाहिजे. ते किती, एवढंच आपल्याला ठरवता येतं. आकडा पुढे लिहायचा, आत घुसवायचा नाही. डाव्या बाजूला जेवढे दाणे घेतले तेवढेच उजव्या बाजूला निघाले पाहिजेत. एकही नवा येत नाही, एकही नाहीसा होत नाही.

ती इतकी हरखली की तिने कॉन्रॅडला हाक मारून ओटीवर बसवलं आणि सगळं मांडून दाखवलं. तो मान डोलावत राहिला आणि म्हणाला, "समजलं तर काही नाही, पण तू हसलीस हे बरं झालं."

वर्गातही तिने वाल-चिंचोक्यांवरच शिकवलं. मुलांना मजा वाटायची. कोळशाचं जळणं शिकवत होती त्या दिवशी कळंबच्या कोळ्यांची शकू शेवटच्या बाकावर बसली होती. प्रत्येक वालाला चिंचोक्यांची एक जोडी द्यायची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असं सांगून मटिल्डा बाकांमधून फिरत होती. शकूसमोर दोन वाल होते आणि जोडी एकच.

"टीचर, माझे चिंचोके कमी पडले. मग मी जोडी तोडली आनि एकेकाला एकेक दिला." तिने तयार झालेले दोन जोड पुढे केले. "कोनी उरला नाय, कोनी हरवला नाय. बरोबर ना?"

वर्ग हसला. मटिल्डा 'चूक' म्हणायला तोंड उघडणार होती, तेवढ्यात थांबली. दाणे तर जुळत होते. डावीकडे दोन वाल आणि दोन चिंचोके, उजवीकडेही तेवढेच.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने माळ्यावरून नापास झालेल्या वर्षाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि शब्दकोश घेऊन वाचत बसली. शकूचं बरोबर होतं. ऑक्सिजन पुरेसा नसला की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावतो, आणि माणसाला काही समजायच्या आत माणूस कोसळतो. कोळसा, लाकूड, रॉकेल, जळणारं काहीही असो, हवा कोंडली की हे व्हायचंच.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गासमोर शकूचं समीकरण फळ्यावर लिहिलं आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, तिची गोष्ट सांगितली. खिडकी बंद करायची नाही, घरी जाऊन सांगा, असं मुलांना बजावलं. त्यानंतर दर वर्षी नववीला ती हे सांगत आली. शेगडी सांगायची. कधी कंदील लावून झोपण्याबद्दल सांगायची. विहीर तिच्या डोक्यात कधी आली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये वाडीतल्या विहिरीचं पाणी फारच खाली गेलं. विहीर जुनी, दगडी बांधणीची, खोल आणि अरुंद. काठावरच्या इंजिनाला पाणी ओढवेना, तेव्हा कॉन्रॅडने विहिरीच्या मध्यावर लाकडी माची बांधली आणि रॉकेलवर चालणारं लहान इंजिन दोराने त्या माचीवर उतरवलं. रॉकेलचा डबा काठावर ठेवून त्यातून रबरी नळी खाली सोडली. पाचोळा पडू नये म्हणून विहिरीवर माडाच्या झावळ्यांचं छप्पर होतंच. इंजिनाचा धूर बाहेर काढायला लोखंडी पाइप जोडायचा होता, पण त्याचा एक तुकडा मिळाला नव्हता. "सोमवारी आणू," कॉन्रॅड म्हणाला. रविवारी चर्चमधून, मिस्साहून येताना मटिल्डाने ते इंजिन उतरवलं जाताना पाहिलं. तिला वाटलं, चांगलं झालं, केळी वाचतील.

सोमवारी सकाळची शाळा होती. नववीचा तास चालू असताना कॉन्रॅडची बायको कार्मिन धापा टाकत वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या पायांत चपला नव्हत्या.

"मटिल्डा, हे विहिरीत पडलेत. खाली गेले आणि आवाजच देत नाहीत. जान्या बघायला उतरला, तोही पडला."

"इंजिन?" मटिल्डाने विचारलं. "इंजिन चालू आहे?"

"चालूच आहे."

दोघी केळींच्या मधल्या पाटाने पळाल्या. पळतानाच मटिल्डाने कार्मिनकडून काय झालं ते ऐकून घेतलं. सकाळी इंजिन सुरू केलं, थोडं पाणी आलं आणि धार थांबली. पाइपच्या तोंडात गाळ अडकला असणार म्हणून कॉन्रॅड इंजिन चालू ठेवूनच खाली पाण्यापर्यंत गेला. जान्या हा चंदनसारच्या पलीकडच्या डोंगरातला वारली गडी. कित्येक वर्षं वाडीत कामाला होता. हाकांना उत्तर येईना म्हणून तो उतरला, माचीवर पोचला, एका हाताने छाती धरली आणि आडवा झाला.

विहिरीभोवती माणसं जमली होती. मार्था काठावर गुडघे टेकून कॉन्रॅडला हाका मारत होती. फेबियनने तोंडाला ओला पंचा बांधला होता आणि त्याचा एक पाय आतल्या पायरीच्या दगडावर होता.

मटिल्डाने त्याचा सदरा मागून दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. दोघंही काठावर आपटली.

"सोड मला! भाऊ आहे तो!"

"माझाही आहे. उतरू नकोस, फेबियन. जान्याला काय लागलं होतं सांग. कुठे घसरला? कुठे आपटला? उभ्या उभ्या पडला ना? तूही तसाच पडशील. ओल्या पंचाने हा वायू थांबत नाही."

"कसला वायू?" मार्था ओरडली. "लेकरू मरतंय आनि तू काय शिकवतेस?"

शेजारच्या वाडीतले आलोशियस काका तोवर दोराला कंदील बांधून तो खाली सोडत होते. जुन्या विहिरीत उतरण्याआधी त्यांच्या वडिलांपासून सगळे असंच करत आले होते. कंदील माचीपाशी, जान्याच्या डोक्याजवळ जाऊन थांबला. ज्योत शांत जळत होती.

"हवा चांगली आहे," काका म्हणाले. "कंदील विझला नाही. उतरू दे त्याला."

सगळ्यांचे डोळे मटिल्डाकडे वळले. तिने हे सगळं फक्त वाचलं होतं, तेही ज्या भाषेत ती नापास झाली त्या भाषेत. आयुष्यात हा वायू तिने कधी पाहिला नव्हता. तो दिसतच नाही. आपलं चुकत असेल तर? आपण इथे वाद घालतोय आणि कॉन्रॅड खाली फक्त बेशुद्ध असेल तर?

इंजिनाचा फटफट आवाज विहिरीतून येतच होता.

"काका, बंद पडलेल्या विहिरीला तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथे कंदील विझतो. इथे इंजिन जळतंय, आणि त्याला हवा पुरत नाही. त्यातून जो वायू निघतो, त्यात कंदील जळत राहतो आणि माणूस पडतो. तुमच्या डोळ्यांसमोर जान्या पडलाय. आधी इंजिन बंद करायचं. कार्मिन, ती नळी!"

कार्मिनने रॉकेलची रबरी नळी दुमडून मुठीत आवळली. इंजिन अजून थोडा वेळ चाललं, मग अडखळलं, खोकलं आणि थांबलं. त्या शांततेत मार्थाचं हुंदके देणं तेवढं ऐकू येऊ लागलं.

"आता छप्पर काढा. सगळं. झावळ्यांचा मोठा भारा बांधा आणि दोराने वर-खाली करत राहा, जोरात. आतली हवा हलली पाहिजे. बाकीच्यांनी वरून पाणी ओता, जान्याच्या अंगावर नको, भिंतींवरून."

माणसं कामाला लागली. तिचं पटलं म्हणून की करायला काहीतरी मिळालं म्हणून, कोणास ठाऊक. छप्पर ओढून पाडलं. भारा विहिरीत वर-खाली होऊ लागला. फेबियन डोकं भिंतीला टेकून उभा होता, आणि दर थोड्या वेळाने विचारत होता, "आता?"

"नाही."

"आता?"

"थांब."

मार्था उठून मटिल्डासमोर आली. तिने मुलीच्या तोंडात मारली नाही, पण हात उगारला होता. "तुझं पुस्तक माझ्या पोराला खानार," ती म्हणाली. मटिल्डा जागची हलली नाही. किती वेळ थांबायचं हे पुस्तकात नव्हतं. तेवढं तिला स्वतःलाच ठरवायचं होतं.

शेवटी तिने स्वतः फेबियनच्या छातीभोवती दोर बांधला, काखेतून घेऊन, आणि दुसरं टोक चार जणांच्या हातात दिलं.

"वरच श्वास भरून घे. खाली शक्यतो घेऊ नकोस. आधी जान्या, तो वाटेत आहे. त्याला दुसरा दोर बांध आणि वर ये. डोकं जड झालं की दोर ओढ. तू ओढला नाहीस तरी मी वर ओढून घेईन."

फेबियन गेला. माचीवर पोचला. जान्याच्या काखेत दोर घातला, गाठ मारली, आणि मग खाली बघत राहिला. तिथून त्याला कॉन्रॅड दिसत होता. तो एक पाय खाली टाकू लागला.

"ओढा!" मटिल्डा ओरडली.

तो खालून "नाही, नाही" म्हणत होता, तरी त्याला वर ओढून घेतलं. पाठोपाठ जान्या आला. त्याची छाती हलत होती. काकांनी त्याला मोकळ्या वाऱ्यावर नेऊन कुशीवर निजवलं. फेबियन ओकला, पाणी प्यायला, आणि पुन्हा काठाशी येऊन उभा राहिला. तोवर भारा पुन्हा वर-खाली झाला होता. दुसऱ्या खेपेला तो तळापर्यंत गेला.

कॉन्रॅड वर आला तेव्हा मार्थाने देवाचे आभार मानले. कारण त्याचा चेहरा पांढराफटक नव्हता. गाल गुलाबी होते, जणू उन्हातून आत्ताच घरी आला आहे. "जिता हाय! बघा, जिता हाय!" ती म्हणत राहिली आणि त्याचे हात चोळत राहिली. मटिल्डाने त्याच्या नाकाशी बोट धरलं, मग छातीला कान लावला. या वायूने गेलेल्या माणसाचा रंग असाच दिसतो, हेही त्या पुस्तकात होतं. तिने आईला तेव्हा सांगितलं नाही. एका टेम्पोत दोघांना घालून दवाखान्यात नेलं, आणि तिथे डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टर आणखीही एक गोष्ट म्हणाले. खाली पोचल्यावर काही मिनिटांतच कॉन्रॅड गेला असावा. कार्मिन शाळेकडे पळत सुटली तेव्हाच उशीर झाला होता. फेबियन लगेच उतरला असता तर आज त्यालाही इथे आणावं लागलं असतं. मार्थाने ते ऐकलं. ऐकताना ती भिंतीकडे बघत होती.

जान्या वाचला. पुष्कळ दिवस त्याचं डोकं दुखायचं, हातातलं काम विसरून उभाच राहायचा. "मना काय बी कललं नाय," तो सांगायचा. "झोप आली, बस." मार्था त्याला चहा द्यायची, पण कप त्याच्या हातात न देता ओटीवर ठेवून आत जायची. आधी जान्या आणि मग कॉन्रॅड, हा क्रम तिच्या मनातून जात नव्हता.

मटिल्डाशी ती बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, कपडे वाळत घालायची, रोझरी एकत्र म्हणायची. पण मुलीला उद्देशून शब्द नाही. काही निरोप असला तर तो फेबियनतर्फे किंवा कार्मिनतर्फे. कार्मिन एकदा सासूला म्हणाली, "आय, नळी मी धरली होती. मग माझ्याशी का बोलता?" मार्था उठून वाळलेले कपडे काढायला गेली.

शाळा उघडल्यावर नववीत तोच धडा आला. मटिल्डाने वाल आणि चिंचोके वाटले. कोळशाचं समीकरण झालं. मग तिला पुढे बोलता येईना, ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काही वेळाने ती वळली आणि तिने दुसरं समीकरणही पूर्ण शिकवलं. या वेळी शेगडीच्या आधी विहीर सांगितली. भावाचं नाव घेऊन सांगितली.

पुढच्या उन्हाळ्यात, सकाळच्या सुट्टीत, मार्था शाळेच्या दारात उभी दिसली. ती या शाळेत कधीच आली नव्हती. भर उन्हात चालत आल्यामुळे तिचा चेहरा तापला होता.

"मटिल्डा," ती म्हणाली. वर्षभरानंतर तिने हे नाव उच्चारलं होतं. "चल. आलोशियसच्या विहिरीत इंजिन उतरवतात. मी सांगितलं तर ऐकत नायत. म्हंतात, पानी नाय तर करायचं काय."

दोघी निघाल्या. वाटेत मार्था पुढे आणि मटिल्डा मागे. विहिरीवर इंजिन दोराला लटकत होतं आणि काका माणसांना सूचना देत होते. मार्था सरळ काठावर गेली आणि दोराच्या आड उभी राहिली.

"पयलं हिचं ऐका," ती म्हणाली. "मंग काय ते करा."

काकांनी मान खाली घातली. गेल्या वर्षीचा कंदील त्यांना आठवत असणार. मटिल्डाने त्यांना नीट सांगितलं. इंजिन उतरवायचंच असेल तर धुराचा पाइप विहिरीच्या बराच वरपर्यंत बाहेर आला पाहिजे. वर छप्पर नको. इंजिन चालू असताना कोणीही उतरायचं नाही, बंद केल्यावरही हवा हलवल्याशिवाय नाही, आणि उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला हवा.

"पाइप आज पुरा नाही," काका म्हणाले.

"मग आज नाही," मार्था म्हणाली.

इंजिन पुन्हा वर घेतलं. पाइपचा तुकडा आणायला माणूस विरारला गेला. मार्था तिथेच जांभळीच्या सावलीत बसली. मटिल्डाही तिच्या शेजारी बसली.

मग मार्थाने विहिरीकडे बघतच विचारलं, "त्या दिवशी फेबियनला सोडला असता, तर?"

"तोही गेला असता, आय."

"मना ठावं हाय," मार्था म्हणाली. "त्या दाक्तरने सांगितलं तवापासून ठावं हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "ठावं असून बी तोंड उघडत नव्हतं."

मटिल्डाने आईचा हात धरला. तो उन्हाने गरम झाला होता. माणूस पाइप घेऊन आला, इंजिन खाली उतरवून तो जोडून झाला, सांधे आवळले, आणि काकांनी काठावरूनच लांब दोर ओढून इंजिन सुरू केलं. धूर विहिरीच्या पार वर, केळीच्या पानांच्याही वर निघून जाऊ लागला. मार्था तो बघत बसून राहिली. खाली कोणी उतरत नाही याची खात्री होईपर्यंत तिने मुलीला उठू दिलं नाही.